पावसाळ्यात झाडपाल्याचे औषध देण्याआधी जनावराचे पोट ओळखा

पाऊस लागला की जंत, हगवण, पोटफुगी, गोचीड सगळे एकदमच गोठ्यात शिरते आणि हळद, लसूण, ओवा, कडुनिंब, अडुळसा हाताशी येतात. या वनस्पतींत गुण आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण मात्रा ठरवताना आपण वनस्पती बघतो, ती कोणाच्या पोटात चालली आहे हे बघत नाही. गाईला दिलेला काढा आणि कोंबडीला दिलेला काढा, भांडे एकच असले तरी, रक्तापर्यंत सारखा पोहोचत नाही.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांना पाजलेले औषध आधी कोटीपोटात, म्हणजे त्यांच्या चार कप्प्यांच्या पोटातील पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात, पडते. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या आसपास ऐवज असतो. तांब्याभर काढा त्यात पातळ होतोच, शिवाय तिथले सूक्ष्मजीव त्याची मोडतोड करतात. आतड्यातून रक्तात जाते ते बऱ्याचदा मूळ संयुग नसते, त्याचे बदललेले रूप असते. हा बदल कधी जनावराच्या फायद्याचा ठरतो. खुळखुळ्यासारख्या वनस्पतीतील यकृत बिघडवणारी अल्कलॉइड नावाची संयुगे मेंढीच्या कोटीपोटात बरीचशी निकामी होतात, म्हणून गाय आणि घोड्यापेक्षा मेंढी त्यांना जास्त तोंड देते. सुबाभळीचे उलटे आहे. तिच्यातील मिमोसिनपासून कोटीपोटात डीएचपी नावाचा पदार्थ बनतो आणि तो थायरॉइड ग्रंथीचे काम बिघडवतो. त्याचा निकाल लावणारे जिवाणू काही जनावरांच्या पोटात असतात, काहींच्या नसतात. पावसाळ्यात सुबाभूळ कोवळी आणि मुबलक असते, तरी ती थोड्या प्रमाणात सुरू करा आणि एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा.

दूधपिते वासरू मात्र या हिशेबात बसत नाही. सडाला तोंड लावून चोखताना त्याच्या अन्ननलिकेची खाच मिटते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या पोटात उतरते. दुधातून दिलेले औषधही त्याच वाटेने जाते. त्यामुळे गाईची मात्रा वजनाच्या प्रमाणात कमी करून वासराला देणे सुरक्षित मानू नका.

हळदीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिच्याकडून अपेक्षा फार असतात. तिच्यातील मुख्य गुणकारी घटक कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. जे थोडे आतड्यात शोषले जाते, त्याचेही आतड्याची भिंत आणि यकृत लगेच रूपांतर करून ते बाहेर टाकायच्या मार्गाला लावतात. मूळ रूपात ते रक्तात नगण्यच पोहोचते. आतड्याच्या आत किंवा त्वचेवर लेप म्हणून हळदीला वाव आहे, पण पाण्यात कालवून पाजल्याने सांध्याची सूज उतरेल अशी आशा धरू नये. तेलात कालवल्याने आणि मिरपूड घातल्याने शोषण वाढते, कारण मिरीतील पायपेरिन ही रूपांतराची प्रक्रिया मंदावते. गोम अशी की पायपेरिन फक्त हळदीला ओळखत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या काही औषधांचे रक्तातील प्रमाणही ते वाढवू शकते. म्हणून जंतनाशक किंवा इतर औषध चालू असताना मिरीयुक्त काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि काय पाजले आहे ते त्यांना न विसरता सांगा.

प्रत्येक गुणकारी घटक रक्तात जायलाच हवा असेही नाही. काही झाडांच्या पाल्यातील संघनित टॅनिन हे तुरट द्रव्य फारसे शोषले जात नाही. ते पचनमार्गातच राहते आणि शेळ्या-मेंढ्यांच्या गोल जंतांना तिथेच त्रास देते. मात्र ते चाऱ्यातील प्रथिनांनाही बांधून ठेवते, म्हणून अतिरेक झाला की खाणे आणि वाढ दोन्ही घटतात. पाला देऊनही लेंडी तपासणी चुकवू नका. खालच्या पापणीचा आतला भाग पांढरट दिसला, म्हणजे रक्त कमी झाल्याची खूण दिसली, तर पाल्यावर विसंबून थांबू नये.

दुभत्या जनावरात आणखी एक वाट असते. रक्ताचा सामू सुमारे 7.4, तर दुधाचा 6.6 ते 6.8. या फरकामुळे अल्कलॉइडसारखे सौम्य आम्लारिधर्मी पदार्थ दुधात अडकून साठू शकतात. लसणाचा वास तर पोटातून येतोच, पण श्वासातून फुफ्फुसात आणि तिथून रक्तामार्गे दुधातही उतरतो. लसूण द्यायचाच तर धार काढून झाल्यावर द्या आणि कुटायचा तो गोठ्यापासून लांब. अंड्यांचे गणित वेगळे आहे. झेंडूच्या पाकळ्यांतील ल्यूटिन पिवळा बलक गडद करते, म्हणजे चरबीत विरघळणारी संयुगे थेट बलकात जातात. बलक भरायला साधारण दहा दिवस लागतात, त्यामुळे देणे थांबवल्यावरही अंश काही दिवस अंड्यात येत राहतात.

सगळ्यात जास्त लक्ष घाणेरीवर ठेवा. हिरवा चारा पुरेसा वाढण्याआधी भुकेली जनावरे तिला तोंड लावतात. तिच्यातील लँटाडीन नावाची विषारी द्रव्ये यकृतात पोहोचून पित्ताचा मार्ग रोखतात. एरवी हरितद्रव्यापासून कोटीपोटात बनणारे फायलोएरिथ्रिन पित्तावाटे निघून जाते. ते आता रक्तातून त्वचेत साठते, आणि ऊन पडले की नाकपुडी, कान, सड व पांढऱ्या कातडीचे भाग भाजल्यासारखे सोलवटतात. डोळ्यांत कावीळ दिसते, शेण घट्ट होते, रवंथ थांबते. कोटीपोट थंडावल्याने खाल्लेला पाला तिथेच पडून राहतो आणि विष दिवसेंदिवस झिरपत राहते. त्यामुळे चरणे बंद केले म्हणजे काम झाले असे समजू नका. जनावर लगेच सावलीत बांधा, कोणताही काढा पाजू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. पोटातील विष धरून ठेवण्यासाठी ते सक्रिय कोळसा देतात, आणि तो जितका लवकर पोटात जाईल तितके यकृत वाचते.