परदेशी वाहिनीचा इतिहास कसा लिहावा : केनियातील केटीएनच्या आधाराने

सातारा किंवा सांगलीत पत्रकारिता अथवा इतिहास शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने आफ्रिकेतील खासगी दूरचित्रवाणी वाहिनीवर प्रकल्प करायचे ठरवले, की त्याला सहसा संस्थापकाच्या चरित्रापासून सुरुवात करण्याचा सल्ला मिळतो. माझा आग्रह वेगळा आहे. ती वाहिनी ज्या दिवसांत बंद पडली, ते दिवस आधी शोधून काढावेत. सांगलीकर जसा २००५ आणि २०१९ साली आयर्विन पुलाजवळ पाणी कुठवर चढले होते त्यावरून कृष्णेची गोष्ट सांगतो, तशी वाहिनीची गोष्ट तिच्या बंद दिवसांवरून सांगता येते. प्रक्षेपण सुरळीत चालू असताना तिच्यावर खरी सत्ता कोणाची, हे कळत नाही. पडदा काळा झाला, की परवाना कोणी दिला, प्रक्षेपक कोणाच्या ताब्यात आहे आणि मालक कोणाच्या जवळचा आहे, हे सारे उघड होते.

केनिया टेलिव्हिजन नेटवर्क, म्हणजे केटीएन, या अभ्यासासाठी फार चांगले उदाहरण आहे. मार्च १९९० मध्ये नैरोबीत जेरेड कांगवाना यांनी ती सुरू केली आणि देशातील सरकारी दूरचित्रवाणीची मक्तेदारी संपली. आरंभी तिच्यावर सीएनएनचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणात दाखवले जात. तिच्या बंद काळाच्या तीन नोंदी आधी कराव्यात : २ मार्च २००६, फेब्रुवारी २०१५ आणि ३० जानेवारी २०१८. प्रत्येकीसाठी एक स्वतंत्र कार्ड करावे आणि त्यावर चारच प्रश्न लिहावेत : कोणी बंद केली, कोणत्या अधिकाराने, किती काळ आणि पुन्हा कोणामुळे सुरू झाली.

पहिले कार्ड भरून पाहू. राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी आणि विरोधी नेते कलोंझो मुस्योका यांच्या गुप्त भेटीची बातमी ‘द स्टँडर्ड’ या, तेव्हा केटीएनच्याच समूहात असलेल्या दैनिकाने छापली, तेव्हा त्याच्या तीन पत्रकारांना अटक झाली. त्यानंतर काही दिवसांतच, २ मार्च २००६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर बुरखाधारी पोलीस त्या दैनिकात आणि केटीएनच्या कार्यालयात घुसले, त्यांनी छापून तयार असलेले अंक जाळले आणि प्रक्षेपण तोडले. अंतर्गत सुरक्षा मंत्री जॉन मिचुकी यांनी, सापाला डिवचाल तर तो डसणारच, अशा अर्थाचे उद्गार काढून कारवाईचे समर्थन केले. हे समर्थन ‘कोणत्या अधिकाराने’ या रकान्यात जसेच्या तसे उतरवून घ्यावे, कारण त्यात कायद्याच्या कलमाचा साधा उल्लेखही नाही.

या घटनेचा शोध मराठी दैनिकांच्या जुन्या अंकांत घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २ मार्च २००६ रोजीच दिल्लीत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यात अणुसहकार्याची बोलणी झाली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या अंकांत केनियाला जागा मिळण्याची आशा फार धरू नये. नैरोबीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, हेही तारखा जुळवताना विसरू नये. सांगलीच्या नगर वाचनालयाने २०१९ च्या महापुरात आपल्या संग्रहाचा मोठा भाग गमावला, म्हणून तेथे जुन्या फायली पाहायला जाण्यापूर्वी चौकशी करावी.

दुसरे कार्ड वरवर तांत्रिक वाटते, पण ते घाईने भरू नये. ॲनालॉग प्रक्षेपण बंद करून डिजिटलकडे जाताना केनियाच्या मोठ्या खासगी वाहिन्यांना स्वतःची वितरणव्यवस्था हवी होती. सरकारी नियामकाने परवाने मात्र सरकारी नभोवाणीची उपकंपनी सिग्नेट आणि चिनी मालकीची एक कंपनी यांना दिले होते. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये निकाल लागला. त्यानंतरही तिढा सुटला नाही, आणि फेब्रुवारी २०१५ च्या मध्यापासून केटीएनसह या वाहिन्या जवळजवळ तीन आठवडे दिसल्या नाहीत.  येथे वादाचे मूळ सेट-टॉप बॉक्स आणि परवान्याचा कागद यांत होते. केनियातील न्यायनिर्णय आणि राजपत्र इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, म्हणून बातम्यांवर विसंबण्यापेक्षा मूळ निकालच वाचावा. त्याची भाषा इंग्रजी असली, तरी पहिल्या काही परिच्छेदांतच घटनाक्रम तारखांसह दिलेला असतो.

तिसऱ्या कार्डाचे स्थळ नैरोबीचे उहुरू पार्क आहे. ३० जानेवारी २०१८ रोजी विरोधी नेते रायला ओडिंगा यांनी तेथे ‘जनतेचा राष्ट्राध्यक्ष’ म्हणून शपथ घेतली, आणि तिचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या एनटीव्ही, सिटिझन आणि केटीएन या वाहिन्या सरकारने बंद पाडल्या. १ फेब्रुवारीला उच्च न्यायालयाने त्या सुरू करण्याचा आदेश दिला. केटीएन मात्र ५ फेब्रुवारीला परतली. आदेश आणि अंमलबजावणी यांमधले हे चार दिवस प्रकल्पात स्वतंत्र परिच्छेदाचे धनी आहेत, कारण २०१० च्या राज्यघटनेचे ३४ वे कलम माध्यमस्वातंत्र्याची हमी देत असताना ते घडले.

इतके झाल्यावरच मागे, जन्माकडे वळावे. कांगवाना हे केनिया टाइम्स मीडिया ट्रस्टशी निगडित होते आणि त्या ट्रस्टमध्ये सत्ताधारी कानू पक्ष व ब्रिटिश प्रकाशक रॉबर्ट मॅक्सवेल भागीदार होते. याच ट्रस्टसाठी १९८९ मध्ये उहुरू पार्कातच साठ मजली इमारत उभी करण्याचा घाट घातला गेला आणि पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई यांच्या विरोधामुळे तो पुढे गुंडाळावा लागला. म्हणजे पहिली खासगी वाहिनी ही एकपक्षीय राजवटीच्या वर्तुळातूनच जन्मली, आणि पुढे त्याच सत्तेला खुपू लागली. हा प्रवास मला या इतिहासाचा गाभा वाटतो. सत्तेची ही भीती समजण्यासाठी १ ऑगस्ट १९८२ चा फसलेला उठाव वाचावा. हवाई दलातील बंडखोरांनी तेव्हा नभोवाणी केंद्र ताब्यात घेतले होते. केटीएन पुढे ज्या समूहात सामील झाली, त्याच्या ‘स्टँडर्ड’ची स्थापना १९०२ मध्ये मोंबासात कराचीत जन्मलेल्या अलिभाई मुल्ला जीवनजी यांनी केली होती, हा धागा मराठी वाचकाला अवश्य द्यावा.

तुलनेसाठी झी टीव्ही घ्यावी. २ ऑक्टोबर १९९२ रोजी ती सुरू झाली, तेव्हा भारतातून उपग्रहाकडे संकेत पाठवण्याची मुभा खासगी वाहिनीला नव्हती, म्हणून प्रक्षेपण हाँगकाँगमधून होई आणि सांगली-साताऱ्यातील घरांत ते केबलवाल्याच्या डिशमधून पोहोचे. केटीएनचे प्रक्षेपण मात्र देशातल्याच जमिनीवरच्या प्रक्षेपकावरून होत होते, त्यामुळे ते तोडायला काही माणसे पाठवणे पुरे होते. हा फरक लिहिण्यापूर्वी आपल्या गावातील एखाद्या जुन्या केबलचालकाला भेटावे, डिश कोणत्या साली बसवली आणि पहिली तक्रार कोणाकडून आली हे विचारावे, आणि त्याच्या संमतीने ध्वनिमुद्रण करून वर तारीख व ठिकाण नोंदवावे.