शाळा किंवा पाळणाघराची इमारत आणि वीजव्यवस्था कशी तपासावी

शाळेसाठी किंवा पाळणाघरासाठी जागा निश्चित करण्यापूर्वी तेथे येणाऱ्या सर्वांत लहान मुलाचे वय किती असेल, हे कागदावर लिहून घ्यावे. मोठ्या वर्गातील विद्यार्थी धोक्याची घंटा ऐकून स्वतः जिना उतरतो, रांगणाऱ्या बाळाला मात्र कोणीतरी उचलूनच न्यावे लागते. म्हणून कोणत्या मजल्यावर कोणती खोली चालेल, हे वयावर अवलंबून असते. अमेरिकेत प्रचलित असलेली ‘एनएफपीए १०१’ ही अग्निसुरक्षेची संहिता सर्वसाधारणपणे बालवाडीच्या आणि पहिलीच्या मुलांना थेट बाहेर पडता येईल अशाच मजल्यावर बसवण्यास सांगते, तर दुसरीच्या मुलांना त्याहून फार तर एक मजला वर. आपल्या ठिकाणचा नियम शब्दशः असाच नसेल. तरीही भाडेकरारावर सही करण्याआधी आराखड्यावर वयोगटांप्रमाणे खोल्या मांडून पाहाव्यात. राहते घर किंवा दुकान यांचे पाळणाघर करायचे असेल, तर जुनी परवानगी पुरेशी मानू नये. वापर बदलला की स्थानिक प्राधिकरणाची आणि अग्निशमन विभागाची संमती नव्याने लागते का, हे लेखी विचारून घ्यावे.

त्यानंतर खोलीत किती माणसे मावतात याचा हिशेब करावा. आंतरराष्ट्रीय इमारत संहिता वर्गखोलीत माणशी सुमारे १.९ चौरस मीटर आणि पाळणाघरात माणशी सुमारे ३.२५ चौरस मीटर जागा धरते, म्हणजे ६० चौरस मीटरच्या खोलीत वर्ग भरवल्यास सुमारे ३२ आणि पाळणाघर चालवल्यास १८ जण होतात. या संख्येत शिक्षक आणि मदतनीसही मोजायचे असतात. त्याच संहितेनुसार वर्गखोलीत ५० किंवा अधिक माणसे असतील, तर बाहेर पडण्यासाठी दोन दरवाजे लागतात आणि ते बाहेरच्या दिशेने उघडावे लागतात. मोजणीइतकेच महत्त्व कडीकोयंड्याला आहे. मुले आत असताना बाहेर पडण्याचा कोणताही दरवाजा कुलपात असू नये आणि तो आतून किल्लीशिवाय, एकाच हालचालीने उघडला पाहिजे. खिडक्यांना जाळ्या असतील, तर सुटकेसाठी ठरवलेल्या खिडकीची जाळीही आतून उघडणारी हवी.

या अटींमागे फार मोठी किंमत मोजलेली आहे. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोतील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेला आग लागली, तेव्हा तळघराजवळ पेटलेल्या आगीचा धूर उघड्या जिन्यातून वरच्या मजल्यावर चढला. ९२ मुले आणि शिकवणाऱ्या ३ ख्रिस्ती नन मरण पावल्या. खिडक्यांचा उंबरठा इतका उंच होता की लहान मुलांना त्यावर चढता येईना. २००४ साली तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले दगावली, तेथे स्वयंपाकघरातील आग गवताच्या छपराला लागली होती. म्हणून जिन्याला भिंती आणि आपोआप बंद होणारा अग्निरोधक दरवाजा आहे का, हे पाहावेच. शिवाय तो दरवाजा खुर्ची किंवा वीट लावून उघडा ठेवलेला आढळल्यास माझ्या मते तो नसल्यातच जमा धरावा. स्वयंपाकघर वर्गांपासून वेगळे असावे. कठड्याच्या गजांमधून १०० मिलिमीटर व्यासाचा चेंडू पलीकडे जाता कामा नये, आणि मुलांना पाय ठेवून चढता येईल असे आडवे गज टाळावेत.

विजेच्या बाबतीत सर्वाधिक गैरसमज एमसीबीविषयी असतो. एमसीबी, म्हणजे बोर्डावरील आपोआप बंद पडणारी कळ, तारेला जास्त विद्युतप्रवाहापासून वाचवते. मुलाच्या शरीरातून काही दशांश अँपिअर प्रवाह वाहिला तरी १६ अँपिअरची एमसीबी बंद पडत नाही, आणि जीव जाण्यास त्याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो. त्यासाठी सॉकेटच्या प्रत्येक सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारी कळ, असणे आवश्यक आहे. संपूर्ण इमारतीसाठी एकच आरसीसीबी बसवू नये, कारण एका खोलीतील बिघाडाने सर्वत्र अंधार होतो. तिच्यावरील चाचणीचे बटण उत्पादकाने सांगितलेल्या कालांतराने दाबावे. मात्र त्या बटणाने अर्थिंग तपासले जात नाही, ते परवानाधारक वायरमनकडून उपकरणाने मोजून घ्यावे आणि आकडा लिहून मागावा.

सॉकेट झडपेचेच घ्यावेत, म्हणजे सर्व पिना एकत्र न शिरता एकाच भोकात खिळा किंवा पिन घातल्यास झडप उघडत नाही. ब्रिटनच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये १९४७ च्या मानकापासून अशी झडप आहे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वीज संहितेने २०११ पासून बालसंगोपन केंद्रांत असे सॉकेट बंधनकारक केले. प्लास्टिकची टोपणे हा त्यांना पर्याय नाही. ती मुले काढतात, तोंडात घालतात आणि मापात न बसणारे टोपण झडपही बिघडवते. मुलांच्या खोलीत एक्स्टेन्शन बोर्ड लागत असेल, तर सॉकेट कमी पडतात असे समजून कायमचे सॉकेट वाढवावेत. मेन बोर्ड मुलांच्या हाताबाहेर आणि बंद असावा, परंतु त्याची किल्ली कुठे आहे हे प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक हवे.

गिझर असेल, तर टाकीतील पाणी लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून ६० अंश सेल्सिअसला ठेवले जाते, पण मुलांच्या नळाला ते ४३ अंशांपेक्षा गरम येऊ नये. यासाठी मध्ये तापमान नियंत्रित करणारी मिश्रण-झडप बसवावी लागते.

वीज गेल्यावर बाहेर पडण्याच्या वाटेवरील आपत्कालीन दिवे पेटतात का, हे मुख्य पुरवठा खरोखर बंद करूनच पाहावे. अनेक संहितांत हे दिवे ९० मिनिटे टिकावेत अशी अट आहे, त्यामुळे क्षणभर उजेड दिसल्यावर चाचणी संपवू नये. प्रत्येक तपासणीच्या नोंदीत दोष कोणता, तो कोणी दुरुस्त केला आणि कोणत्या तारखेला, या तिन्ही गोष्टी असाव्यात. दुरुस्तीची तारीख रिकामी राहिलेल्या खोलीत मुलांना बसवू नये.