क्यूईएमयूतला मेमरी रीजन: मोजदाद मालकाची, कुलूप सगळ्यांचं

कोल्हापुरातल्या कॉलेजात बसून सिस्टिम प्रोग्रॅमिंग शिकायचं तर क्यूईएमयूसारखं साधन नाही: सॉफ्टवेअरनं दुसरं मशीन (गेस्ट) उभं करणारा हा एम्युलेटर. बोर्ड विकत घ्यावा लागत नाही, लॅपटॉप पुरतो. पण त्यात डिव्हाइस लिहायला घेतलं की जो तो मेमरी रीजनच्या (गेस्टच्या मेमरीतल्या पत्त्यांच्या पट्ट्याच्या) स्ट्रक्चरमध्ये वापर मोजणारा काउंटर शोधत बसतो. तिथं शोधू नका. ‘मेमरी_रीजन_रेफ’ हे फंक्शन वाढवतं तो काउंट रीजनच्या मालकाचा, म्हणजे बहुधा तुमच्या डिव्हाइसचा. (रेफ म्हणजे ‘मी वापरतोय’ ही नोंद, अनरेफ म्हणजे ती काढणं.) उद्यमनगरातला गाळा डोळ्यांपुढं आणा: आत लेथवर कुणी काम करतंय तोवर शटर ओढता येत नाही. मालकाच्या जागी ‘नल’ दिलंत तर मोजदाद होतच नाही, कारण असं रीजन कधी जाणारच नाही असं गृहीत धरलेलं आहे. बोर्डावरच्या कायमच्या रॅमला ते चालेल, हॉटप्लग होणाऱ्या, म्हणजे मशीन चालू असताना लावता-काढता येणाऱ्या पीसीआय कार्डाला नाही.

खरा घोळ रीजन काढताना होतो. अनरिअलाइझमध्ये (डिव्हाइस बंद करणाऱ्या फंक्शनमध्ये) ते कंटेनरमधून, म्हणजे त्याला पोटात धरणाऱ्या रीजनमधून काढलंत, तरी दुसऱ्या व्हीसीपीयूच्या (गेस्टच्या आभासी सीपीयूच्या) हातात जुना फ्लॅटव्ह्यू, म्हणजे रीजनांच्या झाडावरून बनवलेला सपाट नकाशा, असू शकतो. फ्लॅटव्ह्यू आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) या पद्धतीच्या भरवशावर चालतो: नवा तयार होतो, पॉइंटर बदलतो, पण जुना वाचणारे सगळे बाहेर पडेपर्यंत त्यानं धरलेले रेफ सुटत नाहीत. तेवढ्या वेळात तुमचा रीड कॉलबॅक (गेस्टनं रीजन वाचलं की चालणारं तुमचं फंक्शन) येऊ शकतो. म्हणून अनरिअलाइझमध्ये टायमर आणि थ्रेड थांबवा, पण कॉलबॅक जिला हात लावतो ती मेमरी ‘इन्स्टन्स_फायनलाइझ’मध्येच, म्हणजे शेवटचा रेफ सुटल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्येच सोडा. डिव्हाइस चालू असताना रीजन मोडणंही त्यासाठीच टाळायचं. एलिअस (दुसऱ्या रीजनचा तुकडा दाखवणारं रीजन) आणि कंटेनर यांना सूट आहे. फ्लॅटव्ह्यू बनेपर्यंत ते विरघळून गेलेले असतात.

पत्त्यावरून रीजन शोधणारं ‘मेमरी_रीजन_फाइंड’ रेफ घेऊनच परत येतं. मधल्या एखाद्या एररच्या वाटेवर अनरेफ राहिला तर क्रॅश होत नाही, डिव्हाइसचं फायनलाइझ कधी येत नाही एवढंच. त्यामुळे ही चूक महिनोन् महिने लपून राहते.

आता कुलूप. एमएमआयओ (मेमरीच्या पत्त्यांवरून डिव्हाइसशी बोलणं) कॉलबॅक येतो तेव्हा बीक्यूएल, म्हणजे क्यूईएमयूचं सगळ्यांचं मिळून एक मोठं कुलूप, सहसा आधीच घेतलेलं असतं. (जुन्या कोडमध्ये या फंक्शनांच्या नावात ‘आयओथ्रेड’ दिसेल, 9.0 पासून ‘बीक्यूएल_लॉक’ झालं.) त्या कॉलबॅकमध्ये तुम्ही स्वतःचा म्युटेक्स (तुमच्या डिव्हाइसचं कुलूप) घेतलात की क्रम ठरून गेला: आधी बीक्यूएल, मग तुमचा. वर्कर थ्रेडनं उलट केलं की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. सोर्समधलं ‘एडु’ हे शिकवणीचं डिव्हाइस यासाठी वाचाच. 1 एमबीचं एमएमआयओ आणि फॅक्टोरियल काढणारा एक थ्रेड. हा थ्रेड आपला म्युटेक्स सोडून मगच इंटरप्टसाठी बीक्यूएल घेतो. आणखी एक सापळा: बीक्यूएल धरून थ्रेड जॉइन करताना (तो संपायची वाट बघताना) तोच थ्रेड बीक्यूएलसाठी अडलेला असेल, तर गेस्टच काय, मॉनिटरही (क्यूईएमयूला आदेश द्यायची खिडकी) गोठतो.

सरावासाठी अॅड्रेस सॅनिटायझर (सोडलेल्या मेमरीचा वापर पकडणारं साधन) लावून बिल्ड करा. क्यू35 या पीसीआय एक्सप्रेसवाल्या मशीनवर डिव्हाइस रूट पोर्टखाली लावा, कारण थेट रूट बसवर हॉटप्लग चालत नाही. गेस्टमध्ये रजिस्टर वाचणारं लूप चालू ठेवा आणि मॉनिटरवरून ‘डिव्हाइस_डेल’ द्या. हा आदेश लगेच परततो, डिव्हाइस मात्र गेस्टनं सोडल्यावरच जातं. आधी आणि नंतर ‘इन्फो एमट्री -ओ’नं मालक बघा, ‘-एफ’नं फ्लॅटव्ह्यू. झाडातून रीजन गेलं, पण फायनलाइझमधला तुमचा प्रिंट आला नाही, तर कुठला तरी अनरेफ राहिलाय; ‘फाइंड’च्या प्रत्येक कॉलपासून शोध सुरू करा.