मुलांचा दात काढताना भुलीचं इंजेक्शन कमीत कमी कसं दुखेल

दाढ काढण्यापेक्षा मुलं भुलीच्या इंजेक्शनला जास्त घाबरतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. दाढ निघते तेव्हा हिरडी बधिर असते. सुई टोचताना सगळं जागं असतं. सुई शिरण्याचा क्षण छोटा असतो. खरी कळ उठते ती औषध भराभर ढकलल्यामुळे हिरडीखालचा भाग ताणला जातो तेव्हा. त्यात अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं लिग्नोकेन हे भुलीचं औषध आम्लधर्मी असतं. अ‍ॅड्रेनलिन टिकावं म्हणून घातलेल्या मेटाबायसल्फाइट या रसायनामुळे त्याचा पीएच ४ च्या आसपास उतरतो आणि ते आत गेल्यावर चुरचुरतं. या दोन गोष्टींवर काम केलं की निम्मी लढाई जिंकली. पुढची माहिती नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या दंतवैद्यांसाठी आहे. पालकांनी शेवटचा भाग तरी जरूर वाचावा.

आधीची तयारी

मुलाचं वजन काट्यावर करा, अंदाजाने लिहू नका. लिग्नोकेनची मर्यादा मुलांत दर किलोला ४.४ मिलिग्रॅम धरा. २ टक्के द्रावणाच्या १ मिलीत २० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, अर्थात ३.३ मिली, १.८ मिलीची दोन कार्ट्रिजही (औषध भरलेल्या तयार नळ्या) पूर्ण नाहीत. एका दाढेला साधारण १ ते १.५ मिली पुरतं. हिशेब आधी कागदावर असला की मूल रडू लागल्यावर ‘अजून थोडं देऊ’ असं होत नाही.

व्हायल, म्हणजे औषधाची बाटली, फ्रिजमधली असेल तर ती आधीच बाहेर काढून ठेवा, आणि सिरिंज भरल्यावर मुठीत धरून कोमट होऊ द्या. गार औषध जास्त झोंबतं. गरम पाण्यात मात्र बुडवू नका, उष्णतेने अ‍ॅड्रेनलिन खराब होतं. आम्लता कमी करायची असेल तर ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेट १ भाग आणि लिग्नोकेन १० भाग असं मिश्रण ऐनवेळी करून लगेच वापरा. ठेवून दिलं की अ‍ॅड्रेनलिनचा जोर ओसरतो.

आपल्याकडे अनेक क्लिनिकमध्ये ३० मिलीच्या व्हायलमधून औषध ओढतात आणि त्याच सुईने टोचतात. रबरी बुचातून गेलेल्या सुईचं टोक बोथट होतं, आणि बोथट सुई हिरडी फाडत शिरते. ओढायला जाड सुई, टोचायला नवी ३० गेजची आखूड सुई. ब्लॉकसाठी, म्हणजे जबड्याच्या त्या बाजूचा मज्जातंतूच बधिर करायला, थोडी जाड २७ गेजची घ्या. कुठलीही सुई मुळापर्यंत खुपसायची नाही. मुलाने हिसका दिला तर ती तिथेच मोडते.

वरून लावायचं जेल

जेल उपयोगी नाही, असं म्हणणाऱ्यांनी बहुधा ते ओल्या हिरडीवर लावून दहा सेकंदांत सुई घातलेली असते. जागा गॉजने कोरडी करा, कॉटन बडवर तुरीच्या दाण्याएवढं जेल घ्या, आणि तिथेच धरून पूर्ण दोन मिनिटं थांबा. ते वरच्या २-३ मिलिमीटरपुरतंच पोचतं, पण सुई शिरण्याचा क्षण त्यात निभावतो. १० टक्के लिग्नोकेनचा स्प्रे सरळ तोंडात मारू नका. घसा बधिर होतो, मुलाला श्वास अडकल्यासारखं वाटतं आणि पुढे ते तोंडच उघडत नाही. बडवर एकच फवारा घ्या आणि त्याचे १० मिलिग्रॅम एकूण हिशेबात धरा. बेंझोकेन हे वरून लावायचं दुसरं भुलीचं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. जेल नसेल तर हातमोज्याच्या बोटात बर्फ भरून मिनिटभर धरला तरी फरक पडतो.

सुई टोचताना

सिरिंज मुलाच्या नजरेसमोरून नेऊ नका. मदतनिसाने ती हनुवटीखालून हातात द्यावी आणि आपले हात मुलाच्या हातांवर अलगद ठेवावेत. ‘दुखणार नाही’ असं सांगू नका. दुखलं की तुमचा शब्द खोटा ठरतो, आणि पुढच्या भेटीतही मूल तेच लक्षात ठेवतं. ‘दाताला झोपवायचं औषध देतोय, थोडं दाबल्यासारखं आणि चिमटा काढल्यासारखं वाटेल’ एवढं खरं बोला. डावा हात वर केला की थांबेन असं ठरवा, आणि हात वर झाला की खरंच थांबा.

ओठ किंवा गाल ताणून धरा. सैल त्वचा सुईबरोबर ओढली जाते. सिरिंजचा हात मुलाच्या गालावर टेकलेला असू द्या, म्हणजे डोकं हललं तरी सुई त्याच्याबरोबर हलते. सुईचा तिरका भाग हाडाकडे ठेवा. सुई शिरत असताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी ओठ हलकासा हलवत राहा. हा स्पर्श वेदनेच्या संवेदनेला वाटेतच अडवतो. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेला गेट कंट्रोल सिद्धांत हाच. सुई २ मिलिमीटर गेली की दोन थेंब सोडा आणि पाच सेकंद थांबा. मग मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहा, आणि मिनिटाला १ मिली याच्या वर जाऊ नका. घड्याळ लावून एकदा करून पाहा. आपण किती घाई करतो ते कळेल. त्या मिनिटात मुलाला एकेक पाय वर करायला सांगा किंवा मोठ्याने आकडे मोजा.

टाळूला सर्वांत जपावं लागतं. तिथली त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागाच नसते. म्हणून वरच्या दाढेला थेट टाळूत टोचू नका. आधी गालाच्या बाजूने भूल द्या, तीन मिनिटं थांबा. मग दोन दातांमधल्या हिरडीच्या त्रिकोणातून थेंब-थेंब औषध टाळूच्या बाजूला ढकला. तिथली हिरडी पांढरी पडली की त्या पांढऱ्या भागातच टोचा, तेही माउथ मिररच्या दांड्याने शेजारी घट्ट दाबून. ०.२ ते ०.३ मिली पुरे. चार वर्षांवरच्या मुलांत ४ टक्के आर्टिकेन हे दुसरं भुलीचं औषध वापरलं तर कधीकधी टाळूत टोचावंच लागत नाही, पण ते दुप्पट तीव्र असतं. हिशेब वेगळा करा.

खालच्या दाढेला ब्लॉक देताना मोठ्यांची सवय नडते. लहान मुलात मँडिब्युलर फोरामेन (खालच्या जबड्यात मज्जातंतू शिरतो ते छिद्र) दातांच्या चावण्याच्या पातळीला किंवा तिच्याही खाली असतं. सुई वर गेली तर भूल चढत नाही आणि दुसऱ्यांदा टोचावं लागतं. सुजलेल्या, पू झालेल्या जागेतही टोचू नका. दुखतं भयंकर, आणि आम्लता जास्त असल्याने भूल नीट चढत नाही. तिथे लांबून ब्लॉकच द्या.

पाच मिनिटं थांबून दाताभोवतीच्या हिरडीत प्रोब (तपासणीची बारीक सळई) घालून पाहा. ‘दुखतंय का?’ असं विचारलंत तर घाबरलेलं मूल ‘हो’च म्हणेल, चेहरा आणि हाताची मूठ पाहा. दाबल्याचं कळेल पण टोचणार नाही, हेही आधीच सांगा.

पालकांसाठी

‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी घरातून बंद करा. ती भीती थेट खुर्चीपर्यंत येते. क्लिनिकमध्ये सुईचं नाव न काढता शेजारी बसा, पायाला हात लावून ठेवा, सूचना एकट्या डॉक्टरांना देऊ द्या.

घरी गेल्यावर ओठ दोन-तीन तास, ब्लॉक असेल तर त्याहून जास्त वेळ बधिर राहतो. मुलांना ती गंमत वाटते आणि ती ओठ चावत बसतात. भूल उतरेपर्यंत खायला देऊ नका, झोपू देऊ नका, लक्ष ठेवा. ओठ चावला गेलाच तर दुसऱ्या दिवशी सूज आणि पांढरट थर दिसतो. तो पू नसतो, त्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही. व्हॅसलिन लावा, तिखट आणि खरखरीत खाणं टाळा. आठ-दहा दिवसांत ओठ भरून येतो.