अलंकार ओळखला, पुढे काय?

साहित्याच्या वर्गातला माझा पहिला विश्लेषणात्मक निबंध परत आला तेव्हा समासात एकच शब्द पाच ठिकाणी लिहिलेला होता : ‘मग?’ मी लिहिलं होतं, ‘येथे कवीने चेतनगुणोक्ती अलंकार वापरला आहे’, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागताना दाखवली आहे. बाजूला, मग? ‘त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढते.’ मग? मला रागच आला. अलंकार सगळे बरोबर ओळखले होते, व्याख्याही चोख होत्या. शाळेत एवढ्यावर पैकीच्या पैकी मिळायचे.

नव्याने असे निबंध लिहिणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. शाळेत आपण अलंकार ओळखायला शिकतो, आणि ते शिकणं वाया जात नाही. पण ओळखणं ही निबंधाआधीची तयारी झाली. वाचणाऱ्याला उपमा कशाला म्हणतात हे माहीत असतं. याच जागी, याच माणसाबद्दल, हीच उपमा का आली आणि तिने काय साधलं, हे त्याला तुमच्याकडून हवं असतं.

मला वाट सापडली ती शाळेच्याच व्याकरणात. उपमेचे चार भाग आठवतात? उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधारण धर्म (दोघांतला समान गुण) आणि साधर्म्यवाचक शब्द (‘सारखा’, ‘जसा’). चारही हजर असले की पूर्णोपमा, एखादा गाळला की लुप्तोपमा. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे वर्गीकरण विश्लेषणाचं फार धारदार हत्यार आहे, हे मला उशिरा कळलं. उदाहरणापुरतं माझंच एक वाक्य घेते : ‘वडील घराला कुलपासारखे होते.’ यात साधारण धर्म गाळलेला आहे. वडील कुलपासारखे म्हणजे नेमके कसे, हे वाक्य सांगत नाही. ती जागा वाचक भरतो, आणि निबंधाला सुरुवात होते ती त्या रिकाम्या जागेतून.

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं : ते घराचं रक्षण करायचे. इथे थांबलात तर समासात ‘मग?’ येणार. जरा थांबून कुलूप डोळ्यांसमोर आणा. किल्लीशिवाय ते उघडत नाही. घरातली सगळी माणसं बाहेर पडली की त्याची आठवण होते. आणि घर राखणारं हे कुलूप स्वतः कायम दाराबाहेर लटकलेलं असतं, आत येत नाही. आता वडिलांचं चित्र बदललं की नाही? घरासाठी सगळं करणारा आणि घरात कधीच नसलेला माणूस दिसायला लागतो.

पण हे अर्थ आपण आपल्या मनाने चिकटवत तर नाही ना? ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर संहितेतच शोधायचं. समजा, हे वाक्य एका कथेतलं आहे. त्या कथेत वडील सतत ओसरीवर, उंबऱ्याशी, फाटकापाशी दिसत असतील, तर ‘दाराबाहेर’ला पुरावा मिळाला. तसं काहीच नसेल, तर अर्थ कितीही सुंदर असो, सोडून द्या. मला अजूनही हे जड जातं. आपल्याला सुचलेल्या अर्थाच्या आपणच प्रेमात पडतो.

दुसरी सवय बदलून बघण्याची. ‘वडील कुलपासारखे होते’, ‘वडील म्हणजे जणू कुलूपच’, ‘वडील घराचं कुलूप होते’. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. उपमेत दोन वस्तूंमध्ये अंतर राहतं, उत्प्रेक्षेत बोलणारा अंदाज करतो, रूपकात दोन्ही एकच होऊन जातात. कथेच्या सुरुवातीला निवेदक मुलगी ‘सारखे’ म्हणते आणि शेवटी ‘सारखे’ गळून पडतं, असं दिसलं तर तुमच्या हाती एक मुद्दा आला. मुलगी म्हणते, असं मी मुद्दाम लिहिलं. निवेदक आणि लेखक एक समजण्याची चूक मी वर्षभर केली.

नादाच्या अलंकारांत मात्र जपून. ‘स’ची पुनरावृत्ती म्हणजे हुरहुर, ‘ठ’ची म्हणजे कठोरपणा, असं कोष्टक कुठेही नाही. ‘स’ सापातही आहे आणि सायीतही. अनुप्रासाने कोणते शब्द एकमेकांना बांधले गेले, ओळीची गती कुठे बदलली, एवढंच सांगता आलं तरी पुष्कळ.

मांडणीबद्दल थोडक्यात. पहिला परिच्छेद उपमेचा, दुसरा रूपकाचा, तिसरा अनुप्रासाचा अशी यादी करू नका. परिच्छेद मुद्द्याचा असावा, त्यात हवे ते अलंकार येतील. अवतरण तीन-चार शब्दांचं, आपल्याच वाक्यात गुंफलेलं घ्या. अख्खं कडवं उतरवून खाली त्याचा सरळ अर्थ लिहिणं म्हणजे पान भरणं. ‘वापरला आहे’ हे क्रियापद मी स्वतःला बंद केलंय. त्याऐवजी ‘लपवतो’, ‘लांबवतो’, ‘जोडतो’, ‘संशय निर्माण करतो’ असं काही लिहावं लागलं की विचार करणं भागच पडतं.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. ११व्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याची व्याख्या करताना क्वचित अलंकार नसले तरी चालतील अशी सोय ठेवली आहे, आणि अलंकारांना हारासारख्या दागिन्यांच्या रांगेत बसवलंय. तेव्हा अलंकार जिथे नाही तिथेही बघा. पानभर उपमा देणारी ती मुलगी अखेरीस एवढंच म्हणते : ‘वडिलांनी चप्पल घातली आणि ते गेले.’ इथे तुलना करायचं तिने का सोडलं, यावर मी एकदा दीड पान लिहिलं होतं.