सिरोंचाला जीवाश्म पाहायला जाताय? या चुका टाळा

“एवढ्या लांब आलो आणि नुसते दगडच!” गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यातलं वडधमचं जीवाश्म उद्यान पाहून आलेल्या बऱ्याच जणांचा सूर हाच असतो. मनात डायनासोरचा उभा सांगाडा धरून गेलं की दुसरं काय होणार? या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात बारापासॉरस नावाच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरची हाडं सापडली हे खरं. पण ती गेली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, आणि जोडलेला सांगाडाही तिथंच उभा आहे. वडधमला मुख्यतः बघायचे ते दगड झालेले झाडांचे बुंधे.

आणि ते बघायलाही जरा सवय लागते. भर दुपारी गेलात तर सगळं एकाच मातकट रंगाचं दिसेल. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. बुंध्याचं तुटलेलं टोक आधी शोधा. एकात एक वर्तुळं दिसली तर ती झाडाची वाढ. सरळ, सपाट पट्टे असतील तर बहुधा साधा वालुकाश्म. लांबीच्या बाजूला लाकडाचे तंतू आणि कुठेकुठे फांदी फुटलेल्या जागेची गाठसुद्धा ओळखू येते. तरी कळेना तर तिथल्या वन कर्मचाऱ्याला विचारा. पाटी वाचण्यापेक्षा ते बरं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ‘एक छोटासा तुकडा’ खिशात टाकणं. १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार राखीव जंगलातला दगडही वनोपज ठरतो, त्यामुळे तो उचलणं गुन्हा आहे. शिवाय तुकडा कोणत्या थरात, कशाशेजारी होता, यावरच अभ्यासकांचं सगळं गणित असतं. घरच्या शोकेसमध्ये त्याचा खडा होतो. शेताच्या बांधावर किंवा नदीकाठी काही वेगळं दिसलं तर शेजारी पेन ठेवून फोटो काढा, फोनमध्ये जागेची नोंद करा आणि वन विभागाला कळवा.

वेळेचा अंदाज हमखास चुकतो. नागपूरहून अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पण आलापल्लीच्या पुढचा टप्पा मोबाइलवरचा नकाशा सांगतो त्या वेळेत उरकेल असं धरू नका. जाऊन-येऊन एका दिवसाचा बेत आखूच नका. रात्रीचा प्रवास टाळा, ओळखपत्र जवळ ठेवा, ड्रोन घरीच राहू द्या. हा नक्षलग्रस्त म्हणून ओळखला जाणारा भाग आहे आणि रस्त्यात तपासणी होऊ शकते. रेल्वेने तेलंगणातल्या मंचेरियालला उतरून चेन्नूरमार्गे येणं अनेकांना सोयीचं पडतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जायचा हट्ट नको. उन्हाळ्यात अंग भाजून निघतं, पावसाळ्यात नद्या रस्ते अडवतात.

आणि फक्त दगड बघून परत फिरू नका. गडचिरोलीहून येताना चामोर्शीजवळ वैनगंगेकाठचं मार्कंडा आहे. तिथल्या कोरीव मूर्तींपुढे तास कसा जातो कळत नाही. सिरोंचाहून गोदावरीचा पूल ओलांडला की तेलंगणातलं कालेश्वर. तिथं एकाच पीठावर दोन शिवलिंगं आहेत. सोमनूरला इंद्रावती आणि गोदावरीचा संगम दिसतो, मात्र वाट विचारतच जावं लागतं. या पट्ट्यात तेलुगू सर्रास बोलली जाते, मराठीत विचारलंत तरी उत्तर तेलुगूत येऊ शकतं. रोख पैसे आणि पिण्याचं पाणी भरपूर घ्या, आणि गाडीची टाकी आलापल्लीलाच भरून घ्या.