गोव्यात जुना ज्यूकबॉक्स घेताना

ज्यूकबॉक्स म्हणजे नाणं टाकून निवडलेली तबकडी वाजवणारं यंत्र. घेताना आधी त्याची मागची पाटी वाचा. अमेरिकी यंत्र बहुधा ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचं. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ (विजेची वारंवारता) बदलत नाही. आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी ३७.५ फेऱ्यांनीच फिरते आणि गाणं रडतं. वेग जुळवणारी ५० हर्ट्झची पुली (मोटरवरचं चाक) मिळेल का, ते पैसे देण्याआधी विचारा.

मग टॉर्च घेऊन खाली वाका. इथल्या दमट हवेत तळाचं प्लायवूड फुगतं, तांब्याच्या कॉन्टॅक्टवर हिरवा कळंक चढतो. फुगलेला तळ असेल तर सोडून द्या.

यंत्र वापरात असेल तर पहिली, मधली, शेवटची तबकडी लावून पाहा. तबकडी उचलणारा यंत्राचा हात अडकला तर बहुधा ग्रीस गोठलंय, साफ होतं. वर्षानुवर्षं बंद यंत्राला थेट वीज देऊ नका, जुने कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) फुटतात. घरी आणल्यावर बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) ठेवू नका.